चटईवर ‘रिसायकल’ छापलं की ती पर्यावरणपूरक झाली का?

तापीकाठ:
जळगावच्या प्लास्टिक चटईचा मला अभिमान आहे. पण भंगार प्लास्टिक वितळवून केलेल्या दाण्याची चटई ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकतात, ते पटत नाही. आमच्या ओट्यावर अशीच एक टाकली होती. मे महिन्याच्या उन्हात नळ्या तडकल्या, हात फिरवला की रंगीत भुगा निघायचा. तो भुगा भंगारवालाही घेत नाही, सगळा गटारीत जातो. नळी असते पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची; त्याच्या रेणूंच्या साखळ्या ऊन तोडतंच, आणि पुन्हापुन्हा वितळवलेला माल आधीच कमजोर असतो. त्यात ताणा, म्हणजे नळ्या बांधणारा उभा धागा, पॉलिस्टरचा, किनार कापडाची. नळी १६५ अंशांच्या आसपास वितळते, पॉलिस्टरला २५० च्या वर जावं लागतं. मग फाटक्या चटईचा पुन्हा दाणा करणार कसा? नळी, ताणा, किनार एकाच प्लास्टिकची करा आणि उन्हात टिकेल अशी करा. शिक्का नंतर मारा.

एमआयडीसीवाला:
ताई, आठवडे बाजारात उभं राहून बघा. गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. नवा दाणा आणि यूव्ही मास्टरबॅच, म्हणजे उन्हापासून वाचवणारा मसाला, घातला की भाव चढतो, शेजारचा स्वस्त माल विकून मोकळा होतो. शेतमजुराच्या घरी निजायला हीच चटई लागते. शिवाय हा दाणा आम्ही घेतला नाही तर ते भंगार जाईल कुठे? प्लास्टिक पॅकिंगचा कचरा गोळा करायची उत्पादकाची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी पक्की केली, चटई त्यात येत नाही. तरी आम्ही कचरा खपवतोय, ते कोणी बोलत नाही.

रावेरची बाग:
तुमनं म्हननं पटनं ताई. केळीतली ठिबकची नळी बघा. वर्षानुवर्षं उन्हात पडलेली असते. काळी असते ती त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, घालतात म्हणून, आणि तेच तिला उन्हापासून वाचवतं. एकाच जातीचं प्लास्टिक असल्यानं जुनी झाली तरी भंगारवाला किलोवर घेऊन जातो.

एमआयडीसीवाला:
काळी चटई कोण घेईल दादा? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की लाल-हिरवीच अंथरतात.

तापीकाठ:
रंगीत मालाला कार्बन ब्लॅक लागत नाही, त्यासाठी वेगळे यूव्ही स्टॅबिलायझर मिळतात. आणि शेतमजुराचं म्हणाल तर दर दोन उन्हाळ्यांनी नवी चटई घ्यावी लागली, तर त्याला ती स्वस्त कुठे पडली? गरिबाच्या नावावर कमअस्सल माल खपवू नका, एवढंच म्हणते. निदान किनारीवर छापा: ही घरातली, ही अंगणातली. घरातल्या चटईत भंगाराचा दाणा खुशाल घाला, तिथे ऊन लागत नाही.

एमआयडीसीवाला:
दोन वेगळे माल काढणं जमेल, छापूही. ताणाही पॉलिप्रॉपिलिनचाच घेतला तर काय भाव पडतो तेही काढतो. किनार मात्र कापडाचीच राहणार. वितळवून चिकटवलेली कड कडक होते, पोरांच्या पायाला ओरखडे पडतात आणि गिऱ्हाईक चटई परत आणून टाकतं.