मदत हवी आहे: लव्हाटेराची छाटणी कधी आणि किती?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जास्वंदीच्या कुळातलं लव्हाटेराचं झुडूप आहे, तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं महिनोन्महिने गुलाबी फुलांनी लगडलेलं असायचं. यंदा मात्र नुसता पाला! उंची माणसाएवढी, बुडाशी फांद्या उघड्याबोडक्या, आणि वाऱ्याने एक जाड फांदी मोडलीसुद्धा. ऊन दिवसभर असतं, पाणीही साचत नाही. शेणखत जरा सढळ हाताने घातलं होतं (हौस, दुसरं काय), नत्र जास्त झालं असेल का?

फुलं नव्या फुटव्यावर येतात हे माहीत आहे. मग थंडी सरल्यावर जमिनीपासून फूटभर ठेवून बाकी सगळं छाटू का? जुन्या लाकडातून फुटेल ना? की हे झुडूप अल्पायुषीच, आताच कोवळ्या फांद्यांची कलमं करून ठेवू?