भक्तीसारखं प्रेम केलं की आपण कसे आहोत ते कळतं का?

सायलेंटमोड: यंदा आळंदी ते पंढरपूर चालले, एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकते. निघायच्या आदल्या रात्री नवऱ्याशी वाजलं होतं, तुझ्या आईच्या आजारपणात मी रजा टाकून धावले आणि माझ्या आईच्या वेळी तू मीटिंगा करत बसलास वगैरे. दिवे घाटात दम लागलेला, तोंडाने ज्ञानोबा माउली तुकाराम, आणि मनात तोच हिशोब चालू. मग लक्षात आलं की विठोबाशीपण माझं तेच चाललंय, एवढं चालले आता बघ हां. नवऱ्याचं चुकलंच, पण मला न मोजता प्रेम करता येत नाही हे मला चाळिशीत त्या घाटात कळलं. कुणाला असं झालंय?

लिंबूसरबत: सॉरी, नाही पटत. बहिणाबाई घे (चौधरी नव्हे, तुकोबांची शिष्या, 1628 ते 1700). 3 वर्षांची असताना तिशीतल्या बिजवराशी लग्न, आणि भक्तीपायी नवऱ्याचा मार, तिनेच अभंगात सांगितलंय. तिला आत्मज्ञान झालं असेलही, पाठ कुणाची सुजली? मोजू नका हे बायकांनाच बरं सुचतं.

कट्टेकरी: मी आवलीच्या पार्टीत. तुकोबा भंडाऱ्यावर नामात दंग, ही भाकरी घेऊन डोंगर चढतेय आणि त्या काळ्याला शिव्या घालतेय. घरात कुणीतरी हिशोब ठेवायला लागतोच, नायतर लाइटबिल कोण भरणार 😄

सायलेंटमोड: मार खा असं कुठे म्हटलं मी??

बुक्का_अबीर: भक्ती म्हणजे गप्प बसणं हे कुणी सांगितलं तुम्हाला? रखुमाई रुसून दिंडीरवनात गेली म्हणतात, देव शोधत मागे आला, अजून पंढरीत दोघांचे गाभारे वेगळे आहेत. आणि ताई, वारीत तुम्ही माउली म्हणून वाकलात की समोरचापण तुमच्या पाया पडतो, मग तो सत्तरीचा म्हातारा का असेना. घरी अहो वाकतात का ते सांगा आधी.

सायलेंटमोड: वाकतात असं नाही म्हणणार. पण परत आले तर पायाचे फोड बघून न बोलता मिठाचं गरम पाणी घमेल्यात आणून ठेवलं. माझ्या आईच्या वेळी कुठे होतास हे अगदी तोंडावर आलेलं, गिळलं.

लिंबूसरबत: गिळलंस म्हणजे वहीत अजून आहेच की. पाणी गार व्हायच्या आत विचारायचं होतंस.