भातावरून गव्हावर: पोस्टडॉक घेऊ का?

प्रश्न: पीएचडी भातावर झाली. आता गव्हाच्या जीनोमिक्समध्ये (जीनोम म्हणजे सगळा डीएनए, त्याच्या अभ्यासात) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळतेय. पायथन, आर या प्रोग्रामिंग भाषा येतात. आणखी काय शिकून जाऊ?

प्रतिसाद १: भाताचा जीनोम साधारण 40 कोटी बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), गव्हाचा 1600 कोटींच्या आसपास. वर ए, बी, डी असे तीन उपजीनोम, म्हणजे एकमेकांशी बरेच सारखे गुणसूत्रांचे तीन संच! एकच रीड (यंत्राने वाचलेला डीएनएचा तुकडा) तिन्हीकडे चपखल बसतो, मॅपिंग क्वालिटी (तो नेमका कुठला याची खात्री) शून्य येते आणि फिल्टर तो गुपचूप उडवतो. आधी हे पक्कं करा. पायथनचं काय, ते तर येतंच.

प्रतिसाद २: अगदी. शिवाय बीएएमचा (जुळवलेल्या रीड्सच्या फाइलचा) नेहमीचा बीएआय इंडेक्स, म्हणजे हवी ती जागा पटकन शोधायची सूची, एका गुणसूत्रावर सुमारे 53.7 कोटी बेसपुढे चालत नाही. गव्हाची बरीच गुणसूत्रं त्याहून लांब. सीएसआय हा दुसरा इंडेक्स वापरा.

प्रतिसाद ३: मुलाखतीत विचारा, शेतातल्या नोंदी कोण घेतं? फेनोटाइप (उंची, उत्पन्न अशा दिसणाऱ्या गुणांच्या नोंदी) गचाळ असला की जीवॅस (डीएनएतले फरक आणि गुण यांचा संबंध शोधणं) करून हाती काही लागत नाही.

प्रश्नकर्ती: हे विचारतेच. सर्व्हरवर मेमरी किती, तेही.