तांब्याचा बंब पेटतो पण धूर करून विझतो, काय करावं?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी, गावाकडनं आजीचा तांब्याचा बंब आणलाय, बुडाला गळत होता तो झाळून घेतला आणि घरामागं पत्र्याच्या शेडात ठेवलाय. आई-अण्णांना थंडीत बंबाचंच पाणी पाहिजे, गिझरचं नको म्हणतात. पण कागद भडकतो, वरनं लाकूड टाकलं की नुसता धूर, आणि थोड्या वेळात सगळं गार. लाकूड अंगणातल्या लिंबाचं आहे, दिवाळीच्या सुमारास फांद्या छाटल्या होत्या. थोडं रॉकेल टाकलं तर चालेल का?

मोहोळची_माहेरवाशीण:
रॉकेल अजिबात नको दादा! निखारा असला आणि वरनं ओतलं तर बंबाच्या मधल्या, जळण टाकायच्या नळीतनं भडका थेट तोंडावर येतो.
आधी पाणी भरा, मगच जाळ, रिकामा बंब तापला की झाळलेले सांधे उकलतात. मग खालची राख पूर्ण काढा, कारण बंबाला हवा जाळीच्या खालूनच मिळते, ती वाट बुजली की वर काहीही करा, धूरच होणार. जाळीवर दोन-चार कागदाचे सैल बोळे, त्यावर तुरकाठ्या नाहीतर पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) मोडून आडव्या-तिडव्या टाका, मधे फट राहू द्या, आणि खालच्या दारातनं पेटवा. नळी तापली की गरम हवा वर जाते आणि खालनं ताजी हवा आपोआप ओढली जाते, सगळा खेळ ह्या ओढीचा आहे. चांगला जाळ धरल्यावरच ढलप्या टाका, त्याबी एकेक. नळी गच्च भरली की ओढ मेली म्हणून समजा.

वखारीवरचा:
वरचं सगळं बरोबर, पण मूळ दुखणं लाकडात आहे. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं, बरीच धग ते पाणी उडवण्यात जाते आणि लाकूड धड पेटत नाही. ओल २० टक्क्यांच्या खाली आली की जळण चांगलं. तुमचा लिंब फोडून, आडोशाला, जमिनीपासून वर रचून ठेवा, आपला उन्हाळा त्याला कोरडं ठणठणीत करेल, पुढच्या थंडीला वापरा. आत्ता वखारीत बंबफोड, म्हणजे बंबासाठी बारीक फोडलेलं लाकूड, मागा, बाभळीची मिळाली तर उत्तम, जड असते, निखारा बराच वेळ टिकतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत आवाज आला तर वाळलेलं, दबका आला तर ओलं. आणि प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर फुकट मिळतंय म्हणून जाळू नका हो, त्याचा धूर विषारी असतो.

जुळे_सोलापूरकर:
खूप आभार दोघांचे. आपटून बघितलं, आवाज दबकाच येतोय. अजून एक, अण्णा म्हणतायत शेडात वारं लागतं, बंब बाथरूममधेच ठेवू. चालेल का?

होटगी_रोड:
नाही, आणि हे कृपया मनावर घ्या. बंद जागेत जाळ किंवा निखारा धुमसत असला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. बंब बाहेरच ठेवा, पाणी बादलीनं आत न्या, वयस्कर माणसांना त्यांची बादली तुम्ही उचलून द्या. वाऱ्यासाठी एका बाजूनं आडोसा करा, पण पत्रा नळीच्या अगदी डोक्यावर नको, धूर मागं फिरतो.
आणि बोअरचं पाणी असेल तर आत क्षारांचा थर बसतो, मग जळण जास्त लागतं आणि पाणी उशिरा तापतं. चिंचेचं पाणी रात्रभर भरून ठेवा, सकाळी घासून धुवा. नळीतली काजळी पण काठीला पोतं गुंडाळून अधनंमधनं काढत जा.

मोहोळची_माहेरवाशीण:
हो, आणि आंघोळी झाल्या तरी निखारा असेपर्यंत बंब रिकामा करू नका, थोडं पाणी आत राहू द्या.