गटारीला मिक्स बिअर पॅक: कुठला कॅन आधी उघडायचा? मदत हवी आहे

घोडबंदरी:
मंडळी, यंदा गटारीला आमच्याकडेच घोडबंदरला बसायचं ठरलंय, पावसात खड्डे आणि नाकाबंदी चुकवत बाहेर कोण जाणार. मेहुण्याने एका क्राफ्ट ब्रुअरीचा मिक्स पॅक आणून दिलाय, पिल्सनर (फिकट सोनेरी, हलकी), बेल्जियन विट (गव्हाची), आयपीए (इंडिया पेल एल, कडवट) आणि स्टाउट (काळी), प्रत्येकी दोन कॅन. बसणारे पाच जण आणि त्यातले तिघे जन्मभर फक्त स्ट्राँग पिणारे, त्यांच्या लेखी बिअर म्हणजे आठ टक्केवाली आणि दात शिवशिवतील इतकी गार, बाकी सगळं सरबत. प्रत्येकाला प्रत्येक प्रकार चाखायला मिळावा असं माझ्या मनात आहे तर क्रम काय ठेवू? मेहुणा म्हणतो स्टाउट काळी म्हणजे सगळ्यात जड, ती शेवटी. पण कॅनवर स्टाउट ४.५ टक्के आणि आयपीए ६.५ लिहिलंय, मग?

दुसरं म्हणजे विटच्या कॅनवर गाळ असू शकतो असं छापलंय, पोटाला काही होत नाही ना? चाखण्याला तळलेले बोंबील आणि झणझणीत चिकन सुक्कं आहे. आणि काही उरलंच तर आता श्रावण, मग गणपती, तोवर कॅन टिकतील का? आईने फ्रीजचा खालचा कप्पा दिलाय पण श्रावण लागायच्या आत रिकामा कर म्हणालीय.

फेसवाला:
रंगावर जाऊ नका हो, काळा रंग भाजलेल्या जवाचा असतो, त्याचा अल्कोहोलशी काही संबंध नाही. गिनेस ड्राफ्ट एवढी काळीकुट्ट पण ४.२ टक्क्यांच्या आसपासच, म्हणजे तुमच्या स्ट्राँगवाल्यांच्या निम्मी. पिल्सनर, विट, स्टाउट आणि शेवटी आयपीए असं घ्या. आयपीएमधल्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा एकदा जिभेवर बसला की विटमधले धणे आणि संत्र्याची साल कुणाला कळणारसुद्धा नाही. गाळ म्हणजे यीस्ट, काही होत नाही. पाऊण कॅन ग्लासात ओता, उरलेला हलक्या हाताने गोल फिरवा आणि मग तोही ग्लासात ओता, ती बिअर गढूळच प्यायची असते. कॅन फुगलेला दिसला तर मात्र फेकून द्या.

आणि घाईघाईत फ्रीजरमध्ये टाकू नका, विसरलात तर फुटतात आणि मग आईसाहेब आहेतच. पिल्सनर ४ ते ७ डिग्रीला मस्त लागते, स्टाउट १० ते १२ ला, म्हणजे प्यायच्या आधी वीसेक मिनिटं ओट्यावर काढून ठेवा. तिघे आरडाओरडा करतील, करू देत. फक्त ग्लासात बर्फ टाकू देऊ नका.

सुकटप्रेमी:
गटारी जुलैत आली तर ताजे बोंबील कुठून आणणार दादा? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ठाण्यात चेंदणीच्या बाजारातही बर्फातलाच माल मिळायचा. त्यापेक्षा सुके बोंबील तव्यावर खरपूस भाजा, वर कच्चा कांदा आणि लिंबू, स्टाउटबरोबर एक नंबर, भाजकं ते भाजक्याशी जमतं. तळलेलंच हवं तर पिल्सनर घ्या, तिचा गॅस तेलकटपणा धुऊन काढतो. सुक्कं मात्र आयपीएबरोबर नको, कडू आणि तिखट एकत्र आलं की तोंडाची आग दुप्पट, ते विटच्या वेळेला वाढा.

घोडबंदरी:
धन्यवाद मंडळी, क्रम मेहुण्याला पाठवला, तो अजून काळ्यावरच अडून बसलाय. स्टाउटचा एक कॅन मागे ठेवावा म्हणतोय, फ्रीजबाहेर चालेल?

फेसवाला:
मागे ठेवायचाच तर स्टाउटच ठेवा, आयपीए दोन्ही त्याच दिवशी संपवा, हॉप्सचा वास दिवसागणिक उडत जातो. कॅनमध्ये उजेड शिरत नाही त्यामुळे हिरव्या बाटलीतल्या बिअरसारखा घाणेरडा वास यायची भीती नाही, पण गरमी तिलाही चालत नाही. माळ्यावर किंवा गॅसजवळ नको, कपाटाच्या अगदी खालच्या खणात ठेवा आणि तारीख बघून घ्या. कॅनवर थंड ठेवा असं छापलं असेल तर फ्रीजशिवाय इलाज नाही, मग आईशी तुम्हीच बोला.