'निकाली काढली' म्हणजे काम झालं का?

रावेरकर:
एका शब्दावर अडलोय, मदत करा. गावातल्या शेतकऱ्यांसाठी दोन पानी पत्रक करतोय, ऑनलाइन तक्रार कशी टाकायची, टोकन नंबर का जपायचा, उत्तर आलं की काय बघायचं वगैरे. मागच्या वर्षी वडिलांनी केळीच्या विम्याची तक्रार टाकली होती, आमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचं तापमान चुकीचं दिसतंय म्हणून, कारण या विम्यात तापमानाच्या नुकसानीला शेतात येऊन कोणी मोजत नाही, केंद्राच्या आकड्यावरच पैसे ठरतात. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. वडील खुश, पासबुक घेऊन थेट बँकेत. खात्यात काहीच नाही. घरी येऊन साइट उघडली तर 'संबंधित विभागाशी संपर्क साधावा' एवढं लिहून तक्रार बंद केलेली. वडील रोज पेपर पहिल्या पानापासून वाचतात, त्यांना मराठी कळत नाही असं कृपया कोणी म्हणू नका. पत्रकात या शब्दाचा अर्थ काय लिहू?

तापीकाठ:
मी कोर्टात कारकून होतो. अर्ज मंजूर झाला, नामंजूर झाला, मागे घेतला, तडजोड झाली, चारही वेळी रजिस्टरला 'निकाली'च लिहायचं. इंग्रजीतल्या 'डिस्पोज्ड'ला ठरलेला शब्द आहे तो. कोणाच्या बाजूने झालं हे त्यात कधीच नव्हतं. शब्दाची चूक नाही भाऊ.

अमळनेरचा मास्तर:
कोर्टाबाहेर पण एक निकाली आहे ना साहेब, आखाड्यातली. आमच्याकडे यात्रेच्या दंगलीत 'निकाली कुस्ती' म्हणजे एकाची पाठ मातीला लागलीच पाहिजे, दोघं नुसते झोंबत राहिले आणि पंचांनी हात वर करून सोडवली तर ती निकाली नाही, ती बरोबरीत सुटली. रावेरकरांच्या वडिलांनी हाच अर्थ घेतला, काहीतरी ठाम लागलं असणार म्हणून, आणि माझ्या मते तोच मराठी अर्थ आहे.

धुळ्याची लेक:
'निकाली काढणे' आणि 'निकालात काढणे' वेगळं आहे ना? आजी मोडकी भांडी, कुजके दोर निकालात काढायची. म्हणजे फेकून द्यायची. त्या तक्रारीचं तर हेच झालं.

बाकी मला वाटतं निकाल म्हणजे निः आणि काल, ज्याचा काळ संपला ते.

तापीकाठ:
ताई, निः-काल जमत नाही. हिंदीतलं निकालना आणि हे एकाच घरचं, बाहेर काढणे. टेबलावरून फाइल बाहेर निघाली एवढंच.

शब्दनिष्ठ:
कामकाजाच्या मराठीत 'निर्गती' असा चांगला शब्द आधीच आहे, प्रकरणांची निर्गती. तो वापरा. आणि जमल्यास पत्रकातून टोकन, मेसेज, साइट काढून टाका, संकेतस्थळ लिहा. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, त्यानंतर इतक्या वर्षांनी आपणच असं लिहिणार असू तर कार्यालयांना काय सांगणार?

रावेरकर:
निर्गती लिहिली तर वडील मला विचारतील कोण वारलं. आणि बटणावर जे लिहिलंय तेच पत्रकात पाहिजे हो, नाहीतर माणूस संकेतस्थळ शोधत बसेल.

धुळ्याची लेक:
माझा राग निकालीवर कमी आणि 'काढण्यात आली आहे' वर जास्त आहे. कोणी काढली? 'करण्यात येत आहे', 'कळविण्यात येते', सगळी वाक्यं बिनमाणसाची. रेशनच्या मशीनवर पण तेच, अंगठा लागला नाही की 'सर्व्हर डाऊन आहे', आता सर्व्हरला कोणी जाब विचारायचा? दुकानदार म्हणतो माझ्या हातात नाही, तालुक्याला गेलं तर वरून आहे. माहिती अधिकारात बघा, २००५ चा कायदा, माहिती नाकारायची तर कारण लिहायचं, किती दिवसांत आणि कोणाकडे अपील करायचं तेही लिहायचं, कलम ७(८). तिथे एका शब्दावर सुटका नाही. तक्रारीला पण तसंच पाहिजे, खाली अधिकाऱ्याचं पदनाम आणि कारण.

शब्दनिष्ठ:
हे पटलं. पण मग 'उचित कार्यवाहीस्तव'चं पण बघा. कार्यवाही म्हणजे कामाची पुढची पायरी, कारवाई म्हणजे दंड, शिक्षा. हल्ली टीव्हीवर दोन्ही एकच करून टाकलंय, त्यामुळे पत्रात 'कार्यवाही केली' वाचलं की लोकांना वाटतं कोणाला तरी नोटीस गेली. प्रत्यक्षात फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलेली असते.

अमळनेरचा मास्तर:
पत्रकात सरळ अहिराणी लिहा ना. 'काम व्हयनं का नई व्हयनं?' मेसेज आला की आधी हेच विचारायचं. यात पळायला जागा नाही.

रावेरकर:
मास्तर, आमच्याकडे लेवा बोलतात, व्हयनं लिहिलं तर गाव म्हणेल पत्रक बाहेरून आलं. मी असं ठरवत होतो, 'निकाली म्हणजे तक्रार बंद. काम झालं असेलच असं नाही, उत्तर उघडून वाचा.' चालेल का? शनिवारी छपाईला द्यायचंय.

अमळनेरचा मास्तर:
लेवा आणि अहिराणी इतक्या लांब नाहीत बरं. केळीला तुम्ही पण केयी म्हणता आणि आम्ही पण.

धुळ्याची लेक:
ळ चा य झाला म्हणून बोली एक होत नाही मास्तर, क्रियापदं बघा. माझं सासर यावलकडचं आहे, पहिली दोन वर्षं सासूबाई काय म्हणतात ते मी अंदाजाने धरायचे.

तापीकाठ:
निकालीच्या आधी खेड्यात 'तोडणे' होतं. पंचांनी भांडण तोडलं, न्याय तोडला. माझे वडील असंच बोलायचे. सोयरीक तुटली तर घरात दोन दिवस चूल पेटत नसे, आणि भांडण तुटलं की पंचांना चहा. तोडणे हेच क्रियापद दोन्हीकडे. यावल-रावेरकडे अजून म्हणतात का असं?

धुळ्याची लेक:
सासूबाईंना विचारून सांगते.