जर्मन: डेर, डी, डास येतं, पण सर्वनाम चुकतं

प्रश्न:
जर्मनच्या ए१ या पहिल्या पातळीचा अभ्यास चालू आहे. नामाआधीची आर्टिकलं, म्हणजे डेर (पुल्लिंग), डी (स्त्रीलिंग), डास (नपुंसकलिंग), जमतात, पण सर्वनामं चुकतात. टेबल निर्जीव, म्हणून ‘एस’ (ते) लिहिलं तर चूक धरतात. ‘झाइन’ (त्याचा) कधी, ‘झाइनं’ (त्याची) कधी, हेही कळत नाही. काही पक्की रीत आहे का?

प्रतिसाद १:
सजीव-निर्जीव विसरा, नामाचं लिंग बघा. डेर टिश (टेबल) म्हणून ‘एर’ (तो), डी लाम्पं (दिवा) म्हणून ‘झी’ (ती), डास बूख (पुस्तक) म्हणून ‘एस’. मराठीतही टोपी ‘ती’च असते की! फक्त मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका. आपले चमचा आणि काटा पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी. त्यांचे मात्र डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. म्हणून प्रत्येक नाम आर्टिकलसकटच वहीत उतरवा.

प्रत्ययांवरूनही बरंच कळतं. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट असेल तर डी. -शेन, -लाइन असेल तर डास. शेवटी नुसता ‘अं’ असेल तर बहुधा डी, पण ‘डेर नामं’ (नाव) आणि ‘डास एंडं’ (शेवट) असे अपवाद आहेतच. जोडशब्दाचं लिंग शेवटचा शब्द ठरवतो: डास हाउस (घर), डी ट्यूर (दार), म्हणून डी हाउसट्यूर.

प्रतिसाद २:
झाइन (त्याचा) आणि ईर (तिचा) यांचं कोडं मराठी माणसाला सोपं आहे. ‘त्याची बहीण’ मधलं ‘त्या’ मालकावरून येतं, ‘ची’ बहिणीवरून. तसंच झाइन ब्रूडर (भाऊ), झाइनं श्वेस्टर (बहीण). मालकीण असेल तर ईर ब्रूडर, ईरं श्वेस्टर.

प्रतिसाद ३:
वरचं सगळं कर्त्यापुरतं झालं. खरी पडझड विभक्तीत होते. आकुझाटिवमध्ये (कर्माच्या विभक्तीत) एकवचनात फक्त पुल्लिंग बदलतं: डेरचं डेन, आइनचं (एक) आइनन, एरचं ईन. ‘इख हाबं आइन ब्रूडर’ (मला एक भाऊ आहे) ही आपली नेहमीची चूक. ‘मला भाऊ आहे’ यात भाऊ कर्ता असतो. जर्मनमध्ये ‘हाबन’ (जवळ असणे) या क्रियापदाचं तो कर्म होतो, म्हणून ‘आइनन ब्रूडर’.

डाटिवमध्ये (‘ला’सारख्या अर्थाच्या आणि ‘मिट’सारख्या शब्दांनंतरच्या विभक्तीत) पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग या क्रमाने डेम, डेर, डेम. सर्वनामं ईम, ईर, ईम. ‘मिट डेर लाम्पं’ (दिव्यासह) वाचून लाम्पं पुल्लिंगी समजू नका, हा स्त्रीलिंगी डाटिवचा डेर आहे.

प्रश्नकर्ता:
आणि डास मेडशेन? मुलगी असून ‘एस’?

प्रतिसाद १:
‘-शेन’मुळे डास. व्याकरणाने ‘एस’, पण पुढच्या वाक्यात ‘झी’ही सर्रास चालतं. नामाला लगेच जोडून येणाऱ्या संबंधी सर्वनामात मात्र ‘डास’च हवं: ‘डास मेडशेन, डास डोर्ट श्टेट’ (जी मुलगी तिथे उभी आहे).